कोयनेच्या खोऱ्यात जायचे, राहायचे आणि जमीन घ्यायची असेल तर

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरच्या पठारापासून दक्षिणेकडे कोयना धरणापर्यंत पसरलेल्या डोंगराळ पट्ट्याबद्दल गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या लोकांकडून सतत विचारणा होते. कोणाला तापोळ्याला चार दिवस जायचे असते, कोणाला निवृत्तीनंतर तेथे राहायचे असते आणि कोणाला तलावाच्या काठी दहा-वीस गुंठे घ्यायचे असतात. या तिन्ही इच्छा वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचा क्रम ठरलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी वेगवेगळ्या ऋतूंत जाऊन यावे, मग निदान एक पावसाळा धरून वर्षभर भाड्याने राहावे आणि त्यानंतरच जमिनीचा विचार करावा. पुढील सर्व सूचना याच क्रमाने दिल्या आहेत.

प्रदेशाची ओळख आणि गावाचे नाव

क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना दक्षिणेकडे वाहत जाते, तापोळ्याजवळ तिला सोळशी आणि कांदाटी या नद्या मिळतात आणि पुढे हेळवाकजवळच्या धरणाने अडवलेल्या पाण्याचा शिवसागर जलाशय तयार होतो. जलाशयाच्या पूर्वेकडील काठावर तापोळा, बामणोली ही रस्त्याने जोडलेली गावे आहेत. पश्चिमेकडील कांदाटी खोरे मात्र पाण्याने आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेने असे दोन्हीकडून बंदिस्त झाले आहे. प्रशासनाच्या दृष्टीने हा भाग महाबळेश्वर, जावळी आणि पाटण या तालुक्यांत विभागलेला असल्याने, एखाद्या गावाचे काम महाबळेश्वरच्या तहसील कार्यालयात होईल की जावळी तालुक्याच्या, म्हणजे मेढ्याच्या, हे आधी विचारून घ्यावे.

येथील गावांच्या नावांमागे ‘तर्फ’, म्हणजे जुन्या महसुली विभागाचे नाव, लागते आणि ते केवळ शोभेचे नसते. वानवली तर्फ सोळशी आणि वानवली तर्फ आटेगाव ही एकाच तालुक्यातील दोन वेगळी महसुली गावे आहेत. दलाल बोलताना नुसते ‘वानवली’ म्हणतो, आपण संकेतस्थळावर दुसऱ्याच वानवलीचा गट क्रमांक शोधतो आणि भलत्याच जमिनीचा उतारा हाती येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत गाव, तर्फ, तालुका आणि गट क्रमांक या चारही गोष्टी एकत्र लिहिण्याची सवय ठेवावी.

तीन भेटी, तीन ऋतूंत

बहुतेक लोक हा प्रदेश ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पाहतात. कासच्या पठारावरील फुले नुकतीच संपलेली असतात, जलाशय काठोकाठ भरलेला असतो, हवा स्वच्छ असते आणि वासोटा किल्ल्याची वाट खुली झालेली असते. ही भेट जरूर द्यावी, पण तिच्यावर कोणताही निर्णय घेऊ नये.

दुसरी भेट मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात द्यावी. धरणातील पाणी वीजनिर्मितीसाठी आणि सिंचनासाठी सोडले जात असल्याने तोवर जलाशय बराच खाली गेलेला असतो, आणि हिवाळ्यात अंगणाला टेकलेले वाटणारे पाणी कित्येक ठिकाणी चिखलाच्या लांब उतारापलीकडे दिसते. याच दिवसांत गावातील झरे आणि विहिरी पाहून घ्याव्यात. एवढा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाणीटंचाई असेल, ही कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. माथ्यावरच्या जांभा दगडातून पाणी मुरते, खालच्या काळ्या पाषाणाच्या थरावर अडते आणि जेथे हे दोन थर मिळतात तेथे झरा फुटतो. ज्या वाडीच्या वर असा झरा नाही, तेथे एप्रिलनंतर बायका डोक्यावरून पाणी आणताना दिसतील. ‘मेमध्ये पाणी कुठून आणता?’ हा प्रश्न जमीनमालकाला न विचारता वाटेत भेटलेल्या बाईला विचारावा. तिला जमीन विकायची नसते, त्यामुळे तिचे उत्तर खरे असते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची भेट जुलैमधील. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला फार मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्येच कोसळतो. २२ आणि २३ जुलै २०२१ या दोन दिवसांदरम्यान येथे चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. आंबेनळी घाट खचून महाबळेश्वर-पोलादपूर वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली. अशा दिवसांत घाटातून प्रवास करू नये, हे वेगळे सांगायला नको. हवामान खात्याचा लाल किंवा नारंगी इशारा नसताना, दिवसाउजेडी, गावातील माणसाला कळवूनच जावे.

या भेटीत काय दिसते, ते एका अनुभवावरून सांगतो. नोव्हेंबरमध्ये मी एक जागा पाहिली होती. हलका उतार, सोनेरी वाळलेले गवत, मधोमध एक उथळ खोलगट भाग आणि त्यात दोन जांभळीची झाडे. घर याच खोलगट भागात बांधावे, म्हणजे वारा लागणार नाही, असे मनात ठरूनही गेले. जुलैमध्ये त्याच जागेवर गेलो तेव्हा त्या दोन जांभळींच्या मधून गुडघाभर खोल, लाल पाण्याचा ओढा वाहत होता आणि त्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. जागा दाखवणाऱ्याने मला फसवले नव्हते. मी विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नव्हते. गवत सुकलेले असताना ओहोळ आणि सपाटी यांतला फरक शहरी डोळ्यांना कळत नाही.

जाण्या-येण्याची आणि मुक्कामाची व्यवस्था

पुण्याहून वाई-पाचगणीमार्गे महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर आहे. तेथून तापोळ्याला उतरणारा घाटरस्ता आहे, तर बामणोलीला साताऱ्याहून कास पठारावरून जाता येते. दोन्हीकडे एसटी जाते, मात्र फेऱ्या मोजक्या असल्याने परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आगारात विचारूनच निघावे. पैलतीरावर जाण्यासाठी लाँच आणि वाहने वाहून नेणारा तराफा असतो. वारा आणि धुके वाढले की ही सेवा थांबते, त्यामुळे पलीकडे जायचे असल्यास एक जादा दिवस आणि त्या दिवसापुरती औषधे जवळ ठेवावीत. वासोटा आणि त्याभोवतीचे जंगल कोयना अभयारण्यात येते. हे अभयारण्य चांदोली राष्ट्रीय उद्यानासह २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वनखात्याच्या परवान्याशिवाय तेथे जाता येत नाही आणि पावसाळ्यात तो मार्ग बंद असतो. मुक्कामासाठी तापोळा-बामणोली परिसरात घरगुती सोय करणारी अनेक कुटुंबे आहेत. हॉटेलपेक्षा तेथे राहावे, कारण रात्री जेवणानंतर होणाऱ्या गप्पांतून गावाची जी माहिती मिळते, ती कोणत्याही कार्यालयात मिळत नाही.

एक वर्ष राहून पाहणे

राहण्यासाठी घर मिळणे वाटते तेवढे अवघड नाही. या खोऱ्यातील जवळजवळ प्रत्येक घरातील माणसे मुंबईला असतात, कित्येक पिढ्या माथाडी कामात आणि बाजारपेठांत रुजल्या आहेत, आणि गावची घरे गणपती, शिमगा आणि गावच्या यात्रेपुरती उघडतात. असे बंद घर मुंबईकर मालकाकडून भाड्याने घेता येते. करार लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने लेखी करावा आणि त्याची नोंदणी करावी. महाराष्ट्रात ही नोंदणी बंधनकारक आहे. यात्रेच्या आणि गणपतीच्या दिवसांत मालकाचे कुटुंब घरी येणार, हे करारातच नमूद करावे, म्हणजे दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होणार नाही.

पावसाळ्याची बेगमी मे अखेर पूर्ण झालेली असावी. धान्य, डाळी, मीठ, गॅसची जादा टाकी, कोरडे सरपण, मेणबत्त्या, सौरदिवा, नेहमीची औषधे निदान दोन महिन्यांची, आणि भिंतीला पश्चिमेकडून बांधायची झड किंवा पत्रे. वीज अनेकदा दिवसेंदिवस नसते आणि मोबाइलची रेंज वाडीगणिक बदलते. घरातील विशिष्ट खिडकीतच रेंज येते, असे सर्रास आढळते. त्यामुळे घरून संगणकावर काम करण्याचा बेत असेल तर त्या घरात बसून, पावसाळी दिवशी, प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. कपड्यांवर, पुस्तकांवर आणि चामड्याच्या वस्तूंवर बुरशी धरते. दमा किंवा सांधेदुखी असलेल्या व्यक्तीने जुलै-ऑगस्ट येथे काढल्याशिवाय कायमच्या वास्तव्याचा निर्णय घेऊ नये.

आरोग्याचा मुद्दा वयस्कर माणसांसाठी निर्णायक ठरावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पलीकडचे उपचार साताऱ्याला किंवा त्याहून दूर, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका घाट, धुके आणि दरड यांवर अवलंबून. सर्पदंशावरचे प्रतिविष सर्वांत जवळ कोठे उपलब्ध असते, हे आल्या आठवड्यात जाऊन विचारून यावे. बिबट्या, अस्वल आणि गवा यांचा वावर आहे. रात्री पायवाटेने एकट्याने जाऊ नये, आणि गवा समोर आला तर वाट त्याला द्यावी.

या वर्षात करण्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गावकीच्या कामात सहभागी व्हावे. वाटेवरची दरड काढणे, देवळाची शाकारणी, पाण्याच्या टाकीची साफसफाई, यांत हात लावावा, वर्गणी विचारली तर द्यावी. उद्या जमीन घ्यायची ठरली तर कोणत्या गटात भाऊबंदकी आहे, कोणता बांध वादाचा आहे आणि कोणाची बहीण सही करणार नाही, हे आपणहून सांगायला लोक येतात ते याच ओळखीमुळे.

आपल्याला शेतजमीन घेता येते का

येथील बहुतेक जमीन शेतजमीन आहे, आणि महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकत घेता येत नाही. ज्याच्या स्वतःच्या किंवा वडिलोपार्जित हक्काने नाव सातबाऱ्यावर आहे, त्याने आपला सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि आवश्यक तेथे शेतकरी असल्याचा दाखला तयार ठेवावा. खोटा दाखला जोडून किंवा गावातील एखाद्याच्या नावावर जमीन घेऊन ‘पुढे बघू’ असे सुचवणारे लोक भेटतील, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नये. अवैध हस्तांतराची चौकशी कलम ८४-क खाली होते आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. शेतकरी असणाऱ्यांनीही कमाल मर्यादा लक्षात ठेवावी. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याप्रमाणे कोरडवाहू जमिनीची मर्यादा कुटुंबाला ५४ एकर आहे, आणि कांदाटी खोऱ्यातील झाडाणी गावच्या शेकडो एकर खरेदीचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले ते याच कायद्याच्या संदर्भात.

शेतकरी नसणाऱ्यांसाठी दोन सरळ मार्ग उरतात. एक म्हणजे गावठाणातील घर किंवा जागा. दुसरा म्हणजे रीतसर बिगरशेती झालेला भूखंड. मला पहिला मार्ग अधिक पसंत आहे, कारण गावठाणातील घराला वाट, वीज, पाणी आणि शेजार आधीपासून असतो. मात्र ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक तयार झाले असेल तर ते मागावे, आणि नसेल तर जुने खरेदीखत, वारसनोंदी आणि शेजाऱ्यांचे जबाब यांवरून वकिलाकडून मालकी तपासून घ्यावी.

सातबारा शांतपणे वाचणे

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत मिळतो. विक्रेत्याने दिलेली छायाप्रत कितीही ताजी असली तरी स्वतः उतारा काढावा. वाचताना घाई करू नये. येथे खरा वेळ द्यायचा असतो.

वरच्या बाजूला भूधारणा पद्धती पाहावी. भोगवटादार वर्ग १ असेल तर हस्तांतरावर सर्वसाधारण बंधन नाही. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. कोयना प्रकल्पग्रस्तांना पर्यायी म्हणून मिळालेल्या जमिनींवरही अशी बंधने असू शकतात. देवस्थान इनाम, म्हणजे इनाम वर्ग ३ ची जमीन, कोणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये. ती देवाची असते, पुजाऱ्याची किंवा वहिवाटदाराची नसते. देवराईला लागून असलेल्या गटांत हा प्रश्न हमखास निघतो.

त्यानंतर क्षेत्र. ते हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने लिहिलेले असते. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. लागवडीयोग्य क्षेत्राखाली पोटखराबा असतो. त्यातील वर्ग अ म्हणजे खडकाळ किंवा लागवडीला अयोग्य जमीन, तर वर्ग ब म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. डोंगरउतारावर दोन एकरांच्या गटात एक एकर पोटखराबा असणे नवलाचे नाही. दर एकरी ठरवताना हे क्षेत्र वेगळे काढूनच बोलणी करावीत. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे केले आहे. त्याहून लहान तुकडा ‘अकरा जणांत मिळून घेऊ, प्रत्येकाला पाच गुंठे’ अशा योजनेतून घेणाऱ्यांच्या हाती स्वतंत्र सातबारा येत नाही, केवळ सामाईकातील हिस्सा येतो.

‘इतर हक्क’ हा रकाना भिंगाने वाचावा. ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असेल तर ती जमीन कुळाला मिळालेली आहे. २०१४ च्या सुधारणेनंतर, कुळाच्या खरेदीला दहा वर्षे होऊन गेली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीसपट रक्कम भरून विक्री करता येते, पण ती रक्कम भरल्याची पावती आणि त्यानुसार झालेला फेरफार (हक्कबदलाची नोंद) आधी पाहावा. सहकारी सोसायटीच्या कर्जाचा बोजा, न्यायालयीन दाव्याची नोंद, आणि ‘वन’ हा शब्द जेथे जेथे येतो ते सर्व शेरे उतरवून घ्यावेत. खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून अनेक खाजगी वनजमिनी शासनाकडे गेल्या. त्यांची नोंद काही ठिकाणी सातबाऱ्यावर उशिरा आली. म्हणून वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात गट क्रमांक देऊन लेखी खुलासा मागणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

आता सर्वांत नाजूक भाग, नावांचा. जुन्या नोंदींत एखाद्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतात. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एका भावाचे लागले असले तरी जमीन सगळ्या भावांची होती. पुढे त्या नावाची वारसनोंद होताना ही अक्षरे गळून पडलेली असतात आणि आजच्या सातबाऱ्यावर एकाच शाखेची नावे राहतात. मी पाहिलेल्या एका प्रकरणात सातबाऱ्यावर तीनच नावे होती, तिघेही सही करायला तयार होते. जुने फेरफार काढून एक-एक मागे जात राहिल्यावर १९५० च्या आसपासच्या एका पिवळ्या पडलेल्या नोंदीत, शाईने लिहिलेली ही तीन अक्षरे सापडली. उरलेल्या दोन भावांचे वंशज मुंबईत होते आणि त्यांना आपली जमीन विकली जात असल्याचा पत्ताही नव्हता. व्यवहार तेथेच थांबवला. तो पुरा झाला असता तर खरेदीदाराच्या पैशांबरोबर त्या माणसांचा वडिलोपार्जित हक्कही बुडाला असता. म्हणून आजच्या उताऱ्यावर समाधान न मानता तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने सातबारे आणि सर्व फेरफार क्रमाने काढावेत, आणि त्यांवरून घराण्याची वंशावळ स्वतःच्या हाताने कागदावर मांडावी. मुलींची नावे या वंशावळीत बहुधा सुटलेली असतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या सुधारणेनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तेव्हा प्रत्येक बहिणीची खरेदीखतावर सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असलेच पाहिजे.

धरण, पर्यावरण आणि नकाशे

जलाशयाच्या काठी पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन गाळपेर म्हणून ओळखली जाते. ती संपादित जमीन असून जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. वर्षानुवर्षे कसणारा माणूस ‘आमच्या आजोबांची’ म्हणतो ते त्याच्या दृष्टीने खरेच असते, कारण धरणाआधी ती होतीच त्यांची. पण आज ती विकण्याचा अधिकार त्याला नाही. काठावरील कोणत्याही गटाच्या बाबतीत धरणाची संपादन रेषा नकाशावर दाखवून मागावी.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाला आहे. त्यात बांधकाम, वृक्षतोड आणि उतारावरील खोदाई यांवर कडक बंधने आहेत. पश्चिम घाटासाठीच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला, त्याच्या गावयादीत आपले गाव आहे का ते पाहावे. शिवाय शासनाने नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पासाठी सुरुवातीला सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतील २३५ गावांचे नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे दिले आहे. या प्रकल्पाचे नाव सांगून दर वाढवणारे बरेच आहेत. आराखड्यातील वापर आपल्या गटासाठी काय आहे, याचा लेखी झोन दाखला हातात आल्याशिवाय त्या बोलण्याला किंमत देऊ नये. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो.

मोजणी आणि वाट

कागद जुळल्यावर भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात विक्रेत्याच्या नावे मोजणीचा अर्ज द्यावा. लगतच्या सर्व खातेदारांना नोटिसा जातील याची खात्री करावी, आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे. हद्दीच्या खुणा दगडात कायम करून घ्याव्यात आणि मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीची वाट पाहावी. सामाईक गट असेल तर गट नकाशावर विक्रेत्याचा हिस्सा दिसणारच नाही. अशा वेळी आधी महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होऊ द्यावे.

वाटेबाबत भाबडेपणा नको. आज ज्या पायवाटेने आपल्याला जागेवर नेले, ती तीन वेगळ्या मालकांच्या शेतांतून जात असेल. याच संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतात ती शेती कसण्यासाठी असते, आपल्या मोटारीसाठी किंवा पर्यटकांसाठी नव्हे. म्हणून ज्यांच्या जमिनीतून वाट जाते त्यांच्याकडून नोंदणीकृत वहिवाटीचा हक्क लिहून घ्यावा आणि तो त्यांच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवावा. हे होत नसेल तर जागा सोडून द्यावी.

व्यवहार

वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, मुंबई आणि सातारा या दोन्ही ठिकाणी वाचल्या जाणाऱ्या दैनिकांत जाहीर नोटीस द्यावी, आणि मग दुय्यम निबंधकांपुढे खरेदीखत करावे. नोटरी केलेल्या साठेखतावर किंवा नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर पूर्ण रक्कम देऊ नये. मुद्रांक शुल्क रेडीरेकनर (शासनाने ठरवलेले बाजारमूल्य) आणि ठरलेली किंमत यांपैकी जे जास्त त्यावर लागते. किंमत कमी दाखवून उरलेली रोख देण्याचा आग्रह झाला तर नकार द्यावा. खरेदीनंतर फेरफार नोंदवला जातो, नोटिसांचे पंधरा दिवस संपल्यावर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, आणि त्यानंतर आपले नाव सातबाऱ्यावर येते. तोवर कुंपणसुद्धा घालू नये.

घर बांधण्यापूर्वी

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. लहान धक्के या परिसरात आजही जाणवतात. त्यामुळे नुसत्या दगड-मातीच्या जाड भिंतींचे घर कितीही देखणे वाटले तरी पाया, जोते आणि वरच्या पातळीवर सिमेंट काँक्रीटचे सलग पट्टे घालूनच ते बांधावे आणि आराखडा अभियंत्याकडून करून घ्यावा. छत उतरते ठेवावे, पश्चिमेला मोठ्या खिडक्या नकोत, आणि पडवी इतकी रुंद असावी की सरपण आणि ओले कपडे तीत राहतील. एकास पाचाहून तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि तो नियम येथे शब्दशः पाळण्यासारखा आहे. जेसीबी लावून डोंगर कापला की वरची माती आधारहीन होते. शिवाय विनापरवाना उचललेल्या मुरूम-मातीवर गौण खनिजाच्या नियमाने बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. स्वतःच्या जमिनीतील हिरडा, आंबा, फणस, जांभूळ यांसारखी झाडेही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हिरड्याची झाडे तर राखावीतच, कारण हिरडा गोळा करून विकणाऱ्या शेजाऱ्यांशी आपला पहिला व्यवहार त्यावरूनच सुरू होतो.

जमीन नावावर झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बांधकाम काढू नये. जूनमध्ये दोन-तीन डझन बांबूच्या खुंट्या घेऊन जावे, मोठा पाऊस उघडला की पाणी कोठून आले, कोठे साचले आणि कोठून गेले तेथे त्या रोवाव्यात, आणि सप्टेंबरअखेर अभियंत्याला त्या खुंट्यांमध्ये उभे करून जोत्याची जागा आखून घ्यावी.